कारखान्यातील तंटा आणि त्याचा निवाडा



आपल्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याच्या फाटकावर झेंडे लागले की महाडच्या बाजारपेठेत तीन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, कामगार माजले. दुसरा म्हणतो, मालक माजला. तिसरा बहुधा किराणा दुकानदार असतो. तो कुणालाच दोष देत नाही. तो एवढेच विचारतो, "हे मिटणार कधी, आणि मिटवणार कोण?" त्याच्या वहीत बिरवाडीपासून पोलादपूरच्या वाड्यांपर्यंतच्या घरांची उधारी असते, म्हणून त्याचा प्रश्न सर्वांत खरा असतो. आजच्या व्याख्यानात मी त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. कोण बरोबर आणि कोण चूक, हे दर तंट्यात निराळे असते. पण तंटा मिटविण्याची जी राष्ट्रीय यंत्रणा आपल्या देशात उभी आहे तिची रचना कशी आहे, ती चालते कशी आणि कुठे अडते, हे प्रत्येक नागरिकाला ठाऊक असले पाहिजे.

प्रथम तीन शब्दांचा अर्थ स्वच्छ करून घेऊ, कारण वर्तमानपत्रांत ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पहिला शब्द समेट. यात सरकारचा अधिकारी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवितो, समजावतो, मधला मार्ग सुचवितो. पण त्याला निकाल देण्याचा अधिकार नसतो. दुसरा शब्द लवाद. येथे दोन्ही पक्ष आपखुशीने एक माणूस निवडतात आणि "तू सांगशील ते मान्य" असे आधी लिहून देतात. तिसरा शब्द न्यायाधिकरण. हे कायद्याने नेमलेले असते. एका पक्षाची इच्छा नसली तरी त्याला तेथे हजर व्हावे लागते आणि निवाडा पाळावा लागतो. समेटात समजूत असते, लवादात विश्वास असतो आणि न्यायाधिकरणात सत्ता असते.

यांपैकी लवादाची कल्पना साहेबाने विलायतेहून आणली, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. आपण रायगडाच्या पायथ्याशी राहणारी माणसे आहोत. मराठेशाहीत गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे तंटा चालत असे, तेव्हा वादी-प्रतिवादी प्रथम आपापली तकरीर लिहून देत. मग दोघांकडून राजीनामा घेतला जाई आणि जामीन घेतला जाई. राजीनामा म्हणजे आज आपण समजतो तसे नोकरी सोडल्याचे पत्र नव्हे. पंच जे ठरवतील ते आम्ही राजीखुशीने मानू, अशी ती लेखी कबुली असे. त्यानंतर साक्षीपुरावा होई आणि शेवटी निवाडापत्र किंवा महजर होई. आधी कबुली, मग सुनावणी, मग निवाडा, हा क्रम ध्यानात ठेवा. आजच्या कायद्यातील ऐच्छिक लवादाचा क्रम हाच आहे. फरक एवढाच की तेव्हा तंटा वतनाचा आणि शेताच्या बांधाचा असे, आणि आज तो पगाराचा, बोनसचा आणि बडतर्फीचा असतो.

गिरण्यांच्या जगात या पद्धतीचा पहिला गाजलेला प्रयोग अहमदाबादेत झाला. १९१८ साली तेथील कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडून बसले. गांधीजींनी कामगारांचे नेतृत्व केले, उपवास केला, आणि शेवटी प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांना लवाद नेमण्याचे ठरले. तोवर काय द्यावयाचे, याची तोड मोठी मौजेची होती. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. आणि निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. पुढे ध्रुवांनी ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला. १९२० साली तेथे कायम लवाद मंडळ झाले. दोन्ही पक्षांना तोंड दाखवावयास जागा ठेवणे हे चांगल्या लवादाचे अर्धे काम असते, हे या उदाहरणावरून दिसते.

मुंबईची कथा निराळी आहे आणि तिचा धागा आपल्या महाडशी जुळलेला आहे. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचा कायदा आणला. त्यात औद्योगिक न्यायालय स्थापन झाले, ही मोठी गोष्ट होती. पण समेटाची कार्यवाही पुरी होण्यापूर्वी संप केला तर कामगाराला तुरुंगाची शिक्षा, असेही त्यात होते. या तरतुदीविरुद्ध विधानसभेत आवाज उठविला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, म्हणजे ज्यांनी १९२७ साली आपल्या गावच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला त्यांनीच. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, काम करण्यास नकार दिला म्हणून माणसाला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत या कायद्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले होते. चवदार तळ्याच्या परिषदेच्या तयारीत पुढाकार घेणारे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हेही पुढे मुंबईच्या कामगार चळवळीतच वाढले. तेव्हाच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली हजारो माणसे गिरणीत होती, म्हणून हा वाद कोकणच्या घराघरातला होता.

पुढे १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत भारत संरक्षण नियमांखाली सरकारने कोणताही औद्योगिक तंटा निवाड्यासाठी सोपविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये सरकार, मालक व कामगार या तिघांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिघांनी एका टेबलाशी बसावयाचे ही प्रथा तेथून रुजली. युद्धकाळातला तो सोपविण्याचा अधिकार १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कायम झाला आणि त्या कायद्यावर आपले कामगारजीवन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालले.

या न्यायालयांनी काय केले, असे कोणी विचारील. १९४७ साली मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाने न्यायमूर्ती दिवेटिया यांच्या अध्यक्षतेखाली गिरणी कामगारांच्या वेतनाचे प्रमाणीकरण केले. महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांना किमान मूळ पगार ३० रुपये ठरला. त्यापूर्वी एकाच साच्यावर दोन गिरण्यांत दोन दर असत. म्हणजे दर कामाचा नसे, मुकादमाच्या मर्जीचा असे. निवाड्याने ती मर्जी कागदावर आणून बांधली. कामगाराला लवाद का हवा असतो, याचे उत्तर यात आहे. निवाडा नेहमी जास्त पैसे देतो असे नाही, पण कारण देतो. आणि कारण एकदा लिहिले गेले की त्यावर वाद घालता येतो, अपील करता येते, दुसऱ्या कारखान्यात ते दाखविता येते.

आता राष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे येऊ. एका राज्यात न मावणारे तंटे असतात, बँकांचे, विमा कंपन्यांचे. मुंबईच्या शाखेत एक निवाडा आणि कलकत्त्याच्या शाखेत दुसरा, असे झाले तर कारभार चालणार नाही. म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने, राष्ट्रीय महत्त्वाच्या किंवा एकाहून अधिक राज्यांतील आस्थापनांशी संबंध असलेल्या तंट्यांसाठी केंद्र सरकारने राष्ट्रीय न्यायाधिकरण नेमावे अशी तरतूद झाली. हे नेहमी भरलेले न्यायालय नव्हे. तंटा उद्भवला की ते नेमावयाचे असते.

बँक कर्मचाऱ्यांचा इतिहास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. १९४९ साली नेमलेल्या सेन न्यायाधिकरणाने १९५० साली निवाडा दिला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला, कारण सुनावणीच्या काळात सगळे सभासद सर्ववेळ एकत्र बसले नव्हते. मग शास्त्री न्यायाधिकरण आले. त्याचा निवाडा १९५३ चा. त्यावर अपील झाले, आणि अपिलाच्या निर्णयात १९५४ साली सरकारनेच बदल केला. तेव्हा कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. मग न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा आयोग बसला आणि १९५५ साली कायदा करून प्रश्न सुटला. १९६० साली न्यायमूर्ती देसाई यांचे राष्ट्रीय न्यायाधिकरण नेमले गेले; त्याचा निवाडा १९६२ साली आला. शास्त्री आणि देसाई ही दोन नावे बँकेतल्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही असतात. पण खरी गंमत पुढे आहे. १९६६ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांनी न्यायाधिकरणाला बाजूला ठेवून आपसांत पहिला द्विपक्षीय करार केला, आणि ती परंपरा पुढे चालू राहिली. सतरा वर्षे कोर्टकचेरी केल्यावर दोघांनाही एकमेकांचे आकडे पाठ झाले होते. चांगल्या लवादाचे शेवटचे यश हेच की दोन्ही पक्षांना त्याची गरज उरू नये.

गिरी यांचे मतही असेच होते. सक्तीच्या निवाड्याने दोन्ही पक्षांना परावलंबनाची सवय लागते, घासाघीस करून आपसांत ठरविण्याची ताकद जाते, असे ते सांगत. म्हणून १९५६ साली कायद्यात दहा-अ हे कलम घालून ऐच्छिक लवादाला जागा दिली गेली, आणि १९६७ साली राष्ट्रीय लवाद प्रोत्साहन मंडळ स्थापन झाले. त्यात तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी होते आणि लवाद म्हणून नेमता येतील अशा माणसांच्या याद्या करण्याचे काम त्याच्याकडे होते. विलायतेत १९७० नंतरच्या दशकात जी राष्ट्रीय समेट व लवाद सेवा उभी राहिली तिची घडण अशीच आहे: ती स्वतः निकाल देत नाही, यादीतला लवाद नेमून देते. ऑस्ट्रेलियाने १९०४ पासून निराळा रस्ता धरला. तेथे सक्तीच्या लवादाचे न्यायालय झाले, आणि १९०७ साली न्यायमूर्ती हिगिन्स यांनी, पाच माणसांच्या कुटुंबाला साधेपणाने जगता यावे म्हणून दिवसाला सात शिलिंग, असा निर्णय दिला. दोन्ही देशांत यंत्रणा रुजली. आपल्याकडे ऐच्छिक लवाद कागदावर राहिला. कारण विचाराल तर सरळ आहे. लवादासाठी दोघांचा विश्वास बसेल असा माणूस लागतो, आणि मालकाला ज्याचा विश्वास वाटतो त्याचा कामगाराला संशय येतो. कामगाराला वाटतो त्याचा मालकाला.

आता आजची व्यवस्था. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे. तिचा मार्ग मी आपल्या वसाहतीतल्या कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, एका रसायनाच्या कारखान्यात रात्रपाळीच्या भत्त्यावरून तंटा आहे.

पहिली पायरी कारखान्यातच आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्यात मालक व कामगार यांचे सारखे प्रतिनिधी हवेत. दुसरी पायरी वाटाघाटीची. कारखान्यात एकच नोंदलेली संघटना असेल तर नियमांच्या अटी पाहून तिलाच बोलणी करण्याचा हक्क. अनेक असतील तर ज्या संघटनेकडे ५१ टक्के कामगार असतील ती एकटी बोलणार. आणि तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून परिषद बोलणार.

तिसरी पायरी समेट अधिकारी. त्याने ४५ दिवसांत काम संपवावयाचे. संपाची नोटीस असेल तर १४ दिवसांत. येथे समझोता झाला तर तो सर्व कामगारांना लागू होतो, संघटनेत नसलेल्यांना आणि पुढे कामाला लागणाऱ्यांनाही. म्हणूनच समेटाच्या टेबलावरच्या सहीला फार किंमत आहे.

समेट फसला तर पूर्वी प्रकरण सरकारकडे जाई, आणि ते न्यायाधिकरणाकडे सोपवावे की नाही हे सरकार ठरवी. कित्येक कामगारांची उमेदीची वर्षे त्या दरवाजात बसून गेली. आता तो पहारेकरी उठला आहे. समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत कोणताही पक्ष स्वतः न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. ही सुधारणा चांगली आहे आणि चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. न्यायाधिकरणात दोन सभासद असतात, एक न्यायखात्यातला आणि एक प्रशासनातला. बडतर्फी, कामगारकपात, कारखाना बंद करणे, संपाची बेकायदेशीरता असे प्रश्न दोघांपुढे चालतात, बाकीचे एकापुढे. राष्ट्रीय न्यायाधिकरणही आता दोघांचेच असते, पण त्याच्याकडे तंटा सोपविण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारनेच राखला आहे. जुन्या न्यायालयांतली प्रकरणे नव्या न्यायाधिकरणांकडे वर्ग करण्याची तरतूद आहे. तेव्हा आपले प्रकरण आज नेमके कोणापुढे आहे हे प्रत्येकाने कचेरीत विचारून घ्यावे.

या वाटेला फुटणारी एक पाऊलवाट म्हणजे ऐच्छिक लवाद. दोन्ही पक्षांनी लेखी करार करून लवाद नेमावयाचा. लवादांची संख्या सम असेल तर त्यांच्यावर एक सरपंच नेमावयाचा. व्यापारी लवादाचा १९९६ चा कायदा येथे लागू नाही. तो दोन तुल्यबळ व्यापाऱ्यांसाठी आहे. मालक आणि कामगार तुल्यबळ नसतात, हे कायद्यानेच ओळखले आहे. आणि लवादाने मनमानी केली तर उच्च न्यायालयाचा दरवाजा मोकळा आहे, हे गुजरात स्टील ट्यूब्ज कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

तंटा चालू असताना मालकाला त्या बाबतीतल्या अटी कामगारांना बाधेल अशा बदलता येत नाहीत. तसेच संप करावयाचा तर १४ दिवसांची नोटीस हवी. समेट चालू असताना आणि त्यानंतर सात दिवस, न्यायाधिकरणापुढे काम चालू असताना आणि त्यानंतर साठ दिवस संप करता येत नाही. पूर्वी अशी नोटीस लोकोपयोगी सेवांपुरती सक्तीची होती. आता ती प्रत्येक कारखान्याला आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकदम रजा घेतली तर तोही संपच.

येथे मी माझे मत सांगतो. ज्या समाजाने कामगाराच्या हातचे हत्यार म्यानात घालावयास लावले, त्या समाजावर न्यायाचा दरवाजा वेळेवर उघडण्याची जबाबदारी येते. संप करू नको, न्यायाधिकरणाकडे जा, असे सांगावयाचे आणि तेथे सभासदाची जागा रिकामी, तारखेवर तारीख, हे चालणार नाही. दहा हजारांवर कुटुंब चालविणाऱ्याला पाच वर्षांनी मिळणारा न्याय त्याच्या मुलाच्या शाळेच्या उपयोगी पडत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्याला घरी बसून खाता येते त्याने शोधली असावी. गरिबाला पायरी नसली तर उरते ती बळी तो कान पिळी ही दुसरी म्हण.

आणखी एक धोका आहे. यंत्रणेला कामगारांचा खरा प्रतिनिधी ओळखता आला नाही तर तिचे सगळे कायदे फोल ठरतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक संघटना दुसरीच होती. कायद्याचा कान एकीकडे आणि कामगारांचे तोंड दुसरीकडे. त्या संपातून परत आलेली माणसे आपल्या तालुक्याच्या गावोगावी होती. तो इतिहास मी तुम्हाला सांगावयाची गरज नाही. आज आपल्या वसाहतीत तोच प्रश्न कंत्राटी कामगाराच्या रूपाने उभा आहे. मालक म्हणतो, तो माझा नव्हे. कंत्राटदार बदलत राहतो. मग ५१ टक्के मोजताना त्याला कोणाच्या हजेरीपटावर मोजावयाचे?

शेवटी, येथे बसलेल्या कामगार बंधूंना आणि त्यांच्या घरच्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी. पगारचिठ्ठी, हजेरीचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा, नोटिशीचा कागद, यांतले काहीही टाकू नका. न्यायाधिकरण आवाज ऐकत नाही, कागद वाचते. तोंडी सांगून कामावरून थांबविले तर त्याच आठवड्यात लेखी विचारणा करा आणि पोच ठेवा. तंटा उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकाऱ्याला कार्यवाही करता येत नाही. माझ्या पाहण्यात असा एक कुशल चालक आहे, ज्याला "पुढच्या महिन्यात घेतो" असे सांगत झुलविले गेले. तो भाबडा माणूस शब्दावर राहिला आणि मुदत उलटली. सही करण्यापूर्वी कागद वाचा. वाचता येत नसेल तर मुलीला वाचावयास सांगा, ती शिकली आहे.

आणि किराणा दुकानदारांना, शिक्षकांना, वकील मंडळींना एक विनंती. लवाद टिकतो तो दोघांच्या विश्वासाच्या तिसऱ्या माणसावर. तसा माणूस सरकार घडवू शकत नाही, तो गाव घडविते. ज्याला आकडे वाचता येतात, ज्याला कारखान्यातली उष्णता आणि मालकाच्या कर्जाचा हप्ता दोन्ही समजतात, आणि ज्याचे कुणाकडे देणे नाही, अशी दहा माणसे महाड-पोलादपूरने तयार केली तर निम्मे तंटे न्यायाधिकरणाची पायरी चढणार नाहीत. हे मिटवणार कोण, असे दुकानदार विचारतो. त्या दहांत त्याचेही नाव असावे, अशी माझी इच्छा आहे.